घरात ना कुत्रा, ना मांजर, तरी पिसवा? त्या घालवायच्या कशा

सुरुवात बहुधा घोट्यापासून होते. तीही रात्री नाही, भरदिवसा. खुर्चीत बसून काहीतरी वाचत असता, पायाला बारीकसा चटका बसतो, हात आपोआप खाली जातो आणि तिथं काहीच सापडत नाही. संध्याकाळपर्यंत मोज्याच्या कडेला तीन-चार लाल गांधी उठलेल्या असतात, रांगेत किंवा पुंजक्यानं, आणि प्रत्येकीच्या मधोमध टाचणीच्या टोकाएवढा गडद ठिपका. डास म्हणावा तर गुणगुण नाही. ढेकूण म्हणावा तर गादी स्वच्छ. पिसूचं नाव डोक्यात येतच नाही, कारण घरात कुत्रं-मांजर काही नसतं.

आमच्या घरी हे दोन महिने चाललं. गाद्या उन्हात टाकल्या, खिडक्यांना जाळ्या बसवल्या, साबण बदलला. लहान मुलीच्या पोटऱ्या खाजवून खाजवून सोलवटल्या, आणि डास चावतात असं समजून आम्ही तिला लांब पायमोजे घालत राहिलो. कारण कळल्यावर घर मोकळं व्हायला साधारण महिना लागला. आधीचे दोन महिने निव्वळ माहिती नसल्यामुळे गेले. ते तुमचे जाऊ नयेत म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

प्राणी पाळलेल्या घरात उपचार प्राण्यापासून सुरू होतो. त्याला औषध लावलं की निम्मं काम झालं. आपल्याकडे औषध लावायला प्राणीच नाही, म्हणून बाटल्यांवरच्या आणि पुस्तकांतल्या निम्म्या सूचना आपल्या कामाच्या नसतात. मात्र एक गोष्ट आपल्या बाजूची आहे. घरात सापडणाऱ्या बहुतेक पिसवा मांजर-पिसू या जातीच्या असतात. कुत्र्यांवरही बहुधा हीच जात आढळते. ती माणसाला चावते, रक्त पिते, पण माणसाच्या अंगावर तिची वस्ती टिकत नाही. आपल्या अंगावर तिला लपायला दाट केस नाहीत. म्हणजे तुमच्या घरातल्या पिसवांचा खरा यजमान, ज्याच्या अंगावर त्या राहतात तो प्राणी, दुसराच कोणीतरी आहे, किंवा होता. तो सापडला आणि त्याच्यामागे धुळीत राहिलेली पिल्लावळ संपली, की प्रश्न मिटतो. पुढच्या सगळ्या पायऱ्या याच दोन कामांसाठी आहेत.

आधी खात्री करून घ्या

खात्री न करता फवारणीला हात घालू नका. चाव्यांवरून नक्की निदान होत नाही, डॉक्टरांनाही ते अवघड जातं. किडा हाती लागला पाहिजे.

सगळ्यात सोपी परीक्षा पांढऱ्या मोज्यांची. गुडघ्यापर्यंत येणारे पांढरे मोजे घाला, पँटचे पाय त्यात खोचा आणि संशयित खोलीत दहा मिनिटं पाय घासत फिरा. सोफ्याभोवती, पलंगाच्या कडेनं, पायपुसण्यावर, गालिच्यावर. पावलांचा दाब आणि अंगाची ऊब कळली की उपाशी पिसवा उड्या मारतात आणि पांढऱ्यावर चटकन दिसतात. पिसू दीड ते तीन मिलिमीटरची, काळपट तांबडी, बिनपंखांची असते. ढेकूण वरून खाली चपटा असतो, पिसू दोन्ही बाजूंनी दाबल्यासारखी उभी चपटी असते. म्हणूनच ती केसांतून सुळकन सरकते. बोटांनी चिरडायला जाऊ नका, तिचं कवच टणक असतं, चिमटीतून निसटून पुन्हा उडते. चिकटपट्टीचा तुकडा तिच्यावर दाबा आणि भिंगातून निवांत बघा. मागचे लांब पाय दिसले की शंका उरत नाही.

दुसरी परीक्षा ताटलीची. पसरट पांढऱ्या ताटलीत पाणी घ्या, त्यात भांडी घासायच्या साबणाचे चार थेंब टाका आणि ती रात्री जमिनीवर ठेवा. बाजूला एक छोटा दिवा असा ठेवा की उजेड ताटलीवर पडेल, पण वायर पाण्यापासून लांब राहील. बाकी खोलीत अंधार हवा. उजेडाकडे आणि उबेकडे झेपावणाऱ्या पिसवा पाण्यात पडतात, आणि साबणामुळे पाण्याचा पृष्ठताण कमी झालेला असल्यानं बुडतात. नुसत्या पाण्यावर त्या तरंगून निसटू शकतात. ताटलीनं पिसवा संपणार नाहीत, मात्र त्या आहेत का, कुठल्या खोलीत आहेत आणि कमी होताहेत का, हे ती अचूक सांगते. या लेखात ती शेवटपर्यंत लागणार आहे.

फसवणारे किडे दोन-तीनच. ढेकूण उडी मारत नाही, रात्री झोपेत चावतो, हात-मान-पाठ कुठंही, आणि गादीच्या शिवणीत काळे ठिपके सोडतो. न्हाणीघराच्या ओलीत टुणटुणणारे मऊ, करडे, बारीक किडे चावतच नाहीत, ओल गेली की तेही जातात. खिडकीबाहेर पाखरांचं घरटं असेल तर तिथून येणारे सूक्ष्म कोळीकीटक चावतात, पण ते सरपटतात, उडत नाहीत. आठवडाभर सगळ्या खोल्यांत ताटल्या ठेवून, मोजे घालून फिरून एकही पिसू सापडली नाही, तर औषध फवारू नका. त्वचेच्या डॉक्टरांकडे जा, खाजेचं कारण दुसरं असू शकतं.

एकाच घरात एकाला दहा गांधी आणि दुसऱ्याला एकही नाही, असंही होतं. पिसवा दोघांनाही चावत असतात. गांधी उठते ती तिच्या लाळेमुळे, आणि त्या लाळेचा त्रास प्रत्येकाला सारखा होत नाही. म्हणून "मला तर काही चावत नाही" असं म्हणणाऱ्यानं घरातल्या दुसऱ्याची तक्रार उडवून लावू नये. आमच्याकडे नेमकं तेच झालं होतं.

धुळीत काय चाललेलं असतं

ही माहिती कंटाळवाणी वाटली तरी गाळू नका. फवारणी करूनही पिसवा पुन्हा का आल्या, याचं उत्तर यातच आहे.

पिसूचे चार अवस्थांतले जीव एकाच वेळी घरात असतात, आणि उड्या मारताना दिसते ती फक्त शेवटची अवस्था. प्रौढ मादी जनावराच्या अंगावर राहते, रक्त पिते आणि ऐन भरात दिवसाला 40-50 अंडी घालते. अंडी अर्ध्या मिलिमीटरची, पांढरी, गुळगुळीत. ती केसांना चिकटत नाहीत, जनावर जिथं झोपेल, अंग झटकेल तिथं गळून पडतात. दोन ते दहा दिवसांत त्यांतून पांढरट, बिनपायाच्या, धाग्यासारख्या अळ्या निघतात. उजेड त्यांना सोसत नाही. गालिच्याच्या मुळाशी, फरशीच्या सांध्यात, पलंगाखालच्या केरात त्या घुसतात. त्या चावत नाहीत. धुळीतले सेंद्रिय कण आणि प्रौढ पिसवांची वाळलेल्या रक्ताची काळी विष्ठा, हे त्यांचं खाणं. हवा कोरडी असेल, आर्द्रता पन्नास टक्क्यांच्या खाली गेली, तर त्या वाळून मरतात. ओलसर, बंद खोल्यांत पिसवा जास्त का, ते यावरून कळेल.

मग अळी स्वतःभोवती रेशमी कोश विणते. हा कोश चिकट असतो, त्याला धूळ आणि धागे लागतात आणि तो केराच्या कणासारखाच दिसू लागतो. झाडू त्याच्यावरून जातो, फवारणीचं औषध आत पोचत नाही. आत पिसू आठ-पंधरा दिवसांत तयार होते, पण लगेच बाहेर येईलच असं नाही. बाहेर कोणी जनावर असल्याची खूण मिळेपर्यंत ती आतच दबा धरून राहते, अगदी महिनोन् महिने. पावलांची थरथर, दाब, ऊब, उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड यांपैकी काही जाणवलं, की काही सेकंदांत कोश फोडून उडी.

बरेच दिवस बंद असलेल्या घराचं कुलूप काढून आत पाऊल टाकताच पायांवर पिसवांचा हल्ला होतो, तो यामुळेच. आधी राहणाऱ्यांकडे मांजर असतं, ते जातं, कोश राहतात. घर रिकामं ठेवलं की पिसवा उपाशी मरतील हा हिशेबही इथंच चुकतो. कोशाबाहेर आलेली पिसू उपाशी राहिली तर काही दिवसांत, फार तर एक-दोन आठवड्यांत मरते. कोशातली मात्र वाट बघत बसते.

यजमान शोधा

माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ याच कामाला द्यावा, आणि लोक नेमकं हेच टाळतात. पिसवा घरात येण्याच्या वाटा फार नसतात.

तुम्ही नुकतेच राहायला आला असाल तर आधीच्या लोकांकडे कुत्रं-मांजर होतं का, हे विचारा. उत्तर होकारार्थी असेल तर शोध संपला, थेट सफाईकडे वळा. जुना सोफा, गालिचा, गादी अलीकडे घरात आणली असेल तर आधी ती तपासा. प्राणी असलेल्या घरी तुमचं किंवा मुलांचं नेहमी जाणं-येणं असेल, तर एखाददुसरी पिसू कपड्यांवरून येऊ शकते. पण तशा आलेल्या दोन-चार पिसवा लवकर संपतात. रोज चावे बसत असतील तर कोणीतरी जनावर तुमच्या भिंतीच्या, छताच्या किंवा जमिनीच्या आडोशाला आहे असं समजून शोधा. माळा, जिन्याखालची जागा, तळघर, पोटछत, गॅलरीतल्या अडगळीमागचा कोपरा, बंद न होणारा झरोका, पाइप जिथून भिंतीत शिरतात ती भोकं. भटकी मांजर, उंदीर-घुशी आणि पाखरं, बहुतेकदा या तिघांपैकीच कोणीतरी निघतं.

कुठं शोधायचं ते ताटल्या सांगतात. प्रत्येक खोलीत एक ताटली ठेवा आणि सकाळी मोजून कागदावर आकडे लिहा. आमच्याकडे पहिल्या रात्री मागच्या खोलीत 11, मधल्या खोलीत 2 आणि पुढच्या खोलीत एकही नाही, असा हिशेब निघाला. दुसऱ्या रात्रीही तसाच. मागच्या खोलीवरच माळा होता. शिडी लावून टॉर्च मारला तर झरोक्याची जाळी एका कोपऱ्यात वाकलेली, आणि तिच्या खाली जुन्या पोत्यावर गोल खळगा पडलेला, केसांनी मऊ झालेला. मांजर तिथं व्याली होती आणि पिल्लं मोठी झाल्यावर त्यांना घेऊन निघून गेली होती. आम्हाला कधी आवाजही आला नव्हता.

त्या पोत्यावरची चिमूटभर धूळ मी पांढऱ्या कागदावर घेतली. नुसत्या डोळ्यांना ती साधी धूळ होती. भिंगाखाली तिच्यात दोन तऱ्हेचे कण दिसले, खसखशीहून लहान पांढरे गोळे आणि स्वल्पविरामासारखे वळलेले काळे कण. कागदावर ओल्या कापसानं पाणी टिपलं. पांढरे कण तसेच राहिले. काळ्या कणांभोवती मात्र मिनिटभरात तांबूस वर्तुळं पसरली. ते वाळलेलं रक्त होतं. घरातल्या कुठल्याही संशयित केराची ही परीक्षा करून बघा. काळे कण मातीचे असतील तर डाग मातकट पडतो, पिसवांचे असतील तर लालसर.

जागा सापडली आणि जनावर अजून तिथंच असेल, तर घाई करू नका. मांजरीची पिल्लं लहान असतील तर ती हलती होईपर्यंत थांबा किंवा प्राण्यांसाठी काम करणाऱ्या स्थानिक लोकांची मदत घ्या. भोक बुजवण्याआधी आत कोणी अडकलेलं नाही याची दोनदा खात्री करा. आत मेलेलं जनावर म्हणजे जनावराचे हाल आणि घरात नवं संकट. पाखरांच्या घरट्यात अंडी-पिल्लं असतील तर तीही उडून जाईपर्यंत हात लावू नये. बिछाना किंवा घरटं रिकामं झालं की हातमोजे आणि मास्क घाला, त्यावर हलकं पाणी मारा म्हणजे धूळ उडणार नाही, आणि सगळं एकात एक अशा दोन पिशव्यांत भरून तोंड घट्ट बांधून लगेच घराबाहेर काढा. मग जाळी बसवा.

उंदरांच्या बाबतीत क्रम महत्त्वाचा आहे. आधी उंदीर मारले आणि पिसवांकडे नंतर बघू म्हटलं, तर मेलेल्या उंदराचं अंग थंड पडताच त्याच्यावरच्या पिसवा नवा यजमान शोधत निघतात, आणि जवळचा यजमान तुम्हीच असता. उंदरावरची पिसू प्लेग माणसापर्यंत पोचवते, हे पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरनं 1898 साली कराचीत प्रयोग करून दाखवलं. त्याच्या डोळ्यांत भरलं ते हेच, की ताजा मेलेला उंदीर धोक्याचा असतो आणि पार गार पडलेला तितका नसतो, कारण तोवर पिसवा त्याला सोडून गेलेल्या असतात. आज घरातल्या पिसवांमुळे प्लेग होईल अशा भीतीत राहण्याचं कारण नाही. पण उंदीर असतील तर पिसवांचा बंदोबस्त आधी किंवा निदान बरोबरीनं करा, आणि मेलेला उंदीर उघड्या हातानं कधीही उचलू नका.

सफाई: मुख्य औषध हेच

व्हॅक्यूम क्लीनर असेल तर पहिले दोन आठवडे रोज चालवा, पुढं दिवसाआड. गालिचा, सोफ्याच्या गाद्या काढून त्यांच्या खालच्या खाचा, पलंगाखाल, भिंत आणि फरशी मिळते ती कड, लाकडी फरशीच्या फटी, कपाटांमागची पट्टी. खोलीच्या मधोमध चालण्याच्या वाटेवर फार काही नसतं, अंधाऱ्या कडांना जास्त वेळ द्या. याने अंडी, अळ्यांचं खाणं आणि बरीच प्रौढ जातात. कोश धाग्यांना चिकटलेले असल्यानं सगळे निघत नाहीत, पण यंत्राच्या थरथरीनं आतल्या पिसवा बाहेर येतात, आणि बाहेर आलेली पिसू मारता येते. काम झालं की पिशवी किंवा डब्यातला केर प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून लगेच घराबाहेर टाका. यंत्रात तसाच ठेवला तर केलेली मेहनत वाया जाऊ शकते.

व्हॅक्यूम नसेल तर? कोरड्या झाडूनं धूळ उडते आणि अंडी या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात जातात. आधी ओलसर फडक्यानं कडेकडेनं केर गोळा करा, मग साबणाच्या गरम पाण्यानं पुसा आणि फटींत जुन्या टूथब्रशनं तेच पाणी घासा. लगेच पंखा लावून खिडक्या उघडून फरशी खडखडीत वाळवा. ओल राहिली तर अळ्यांनाच फायदा. गुळगुळीत फरशी असलेल्यांचं काम गालिचेवाल्यांपेक्षा पुष्कळ सोपं असतं, एवढा दिलासा नक्की घ्या.

चादरी, अभ्रे, पायपुसणी, सोफ्याची आवरणं, पडद्यांचे जमिनीला टेकणारे भाग हे सगळं 60 अंश किंवा त्याहून गरम पाण्यात धुवा आणि पूर्ण वाळवा. आठवड्यातून एकदा तरी, घर मोकळं होईपर्यंत. धुवायचे कपडे घरभर ओढत नेऊ नका, जागेवरच पिशवीत भरा. गरम पाणी न सोसणाऱ्या वस्तूंना वाफेचं यंत्र चालतं. वाफेची उष्णता कोशालाही भारी पडते, हा तिचा मोठा गुण. कापड टिकेल का हे आधी एका कोपऱ्यात बघून घ्या. जमिनीवर पडलेली रद्दी, खोकी, पलंगाखालची अडगळ उचला. ती तिथं असेपर्यंत ना झाडू पोचतो, ना औषध.

औषध कधी आणि कोणतं

बाहेरचा यजमान गेलेला असेल आणि ताटलीत रोज एक-दोनच पिसवा पडत असतील, तर नुसत्या सफाईनं भागू शकतं. आठवडाभर बघा. आकडा मोठा असेल, गालिचे असतील किंवा घरात लहान मूल असून चावे थांबत नसतील, तर औषधाला पर्याय नाही.

घेताना डब्यावरची घटकांची नावं वाचा. दोन तऱ्हेची द्रव्यं हवीत. एक प्रौढ पिसवांना मारणारं, उदाहरणार्थ परमेथ्रिन किंवा त्याच जातीचं दुसरं. दुसरं आयजीआर, म्हणजे किड्यांची वाढ रोखणारं, मेथोप्रीन किंवा पायरीप्रॉक्सिफेन. हे दुसरं नसेल तर आजच्या पिसवा मरतात आणि पंधरा दिवसांनी नव्या येतात. आयजीआरमुळे अळीची पिसू होतच नाही, आणि त्याचा अंमल घराच्या आत बराच काळ टिकतो. मेथोप्रीन उन्हात लवकर विरतं, म्हणून ऊन येणाऱ्या जागी पायरीप्रॉक्सिफेन बरं.

फवारणीआधी व्हॅक्यूम करा, म्हणजे गालिच्याचे धागे उभे राहतात आणि काही पिसवा कोशाबाहेर येतात. मग कडा, फटी, पलंग-सोफ्याखालची जमीन, माळ्यावरची ती जागा. अंथरुणावर, खेळण्यांवर, ओट्यावर नाही. मुलं, गरोदर बाई, दम्याचं माणूस घराबाहेर असू द्या, फवारलेला भाग पूर्ण वाळून हवा खेळेपर्यंत आत येऊ नये. घरात माशांची टाकी असेल तर ती झाका आणि हवेचा पंप तेवढ्यापुरता बंद ठेवा. परमेथ्रिन माशांना घातक आहे. मांजरांनाही ते घातक आहे, म्हणून जिथं भटकी मांजर अजून येते त्या जागेवर ते मारू नका. लेबलवर जितके दिवस पुसू नका म्हटलं असेल तितके दिवस तो भाग ओल्या फडक्यानं पुसू नका. दुसरी फवारणी लेबलवरच्या अंतरानं, बहुधा दोन आठवड्यांनी.

पेस्ट कंट्रोलवाल्यांना बोलावलंत तर दोनच प्रश्न विचारा: औषधात आयजीआर आहे का, आणि दुसरी फेरी कधी? "एका फेरीत काम तमाम" म्हणणाऱ्यानं कोशांचा विचार केलेला नाही.

धुराचे डबे, जे खोलीत ठेवून दार लावून घ्यायचं, ते मी सुचवणार नाही. औषध वरून उघड्यावर पडतं, पलंगाखाली आणि फटीत जात नाही, आणि वायू पेटण्याचा धोका असतो. शेतीची कीटकनाशकं घरात वापरणं तर निव्वळ जिवाशी खेळ आहे. रॉकेल शिंपडू नका, डांबरगोळ्या कोपऱ्याकोपऱ्यात टाकू नका. मीठ पसरणं, लिंबाचं पाणी, सुगंधी तेलं यांनी वेळ जातो आणि तोवर अंडी उबतात. आवाजाच्या लहरी सोडणारी प्लगची यंत्रं पिसवांवर चालत नाहीत. बोरिक पावडर अळ्यांवर काम करते खरी, पण रांगतं मूल असलेल्या घरात ती जमिनीवर नको.

मधले वाईट आठवडे

बहुतेक लोक इथंच हरतात. फवारणीनंतर चार-पाच दिवस शांतता, आणि मग आठव्या-दहाव्या दिवशी पुन्हा चावा. औषध बनावट निघालं असं वाटतं, माणूस तिसरं, चौथं औषध आणतो. तसं करू नका. त्या नव्या पिसवा कोशातून येताहेत, औषधाआधीच विणलेल्या कोशांतून. फवारलेल्या जमिनीवरून जाताना त्या मरतात, काही मरण्याआधी चावतात. दोन ते चार आठवडे हे चालतं, थंड किंवा कमी वावराच्या खोल्यांत त्याहूनही जास्त. या काळात खोल्या बंद ठेवू नका, उलट रोज चाला-फिरा, व्हॅक्यूम करा. जितक्या लवकर त्या कोशाबाहेर येतील तितकं बरं.

ताटलीतल्या आकड्यांवर विश्वास ठेवा, मनाच्या अंदाजावर नाही. आकडा दर आठवड्याला उतरत असेल तर सगळं ठीक चाललं आहे. चार आठवड्यांनंतरही तो तेवढाच राहिला किंवा वाढला, तर एखादा यजमान अजून ये-जा करतो आहे. पुन्हा शोध घ्या.

चाव्यांसाठी साबण-पाण्यानं धुणं, थंड पाण्याची पट्टी, कॅलामाइन लोशन एवढं बहुधा पुरतं. खाज झोपू देत नसेल तर खाजेची गोळी डॉक्टरांना विचारून घ्या. मुलांची नखं बारीक कापा, खाजवून झालेल्या जखमेत जंतू शिरतात आणि खरा त्रास तोच होतो. जखमेतून पू, भोवती पसरणारी लाली, किंवा चाव्यांनंतरच्या एक-दोन आठवड्यांत ताप, जोराची डोकेदुखी, अंगावर पुरळ, काखेत-जांघेत गाठ, यांपैकी काही दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा आणि घरात पिसवा आहेत, उंदीर आहेत का, हे आपणहून सांगा. पिसवांमुळे एक प्रकारचा टायफस ताप येतो, आणि ही माहिती मिळाली तर डॉक्टरांना तो लवकर ओळखता येतो.

आमच्या ताटलीत शेवटची पिसू पहिल्या फवारणीनंतर चोविसाव्या दिवशी सापडली, मागच्या खोलीतच. त्यानंतरही तीन आठवडे मी ताटल्या रोज रात्री भरून ठेवल्या आणि सकाळी रिकाम्या उचलल्या. माळ्यावरच्या झरोक्याला आता दुहेरी जाळी आहे, आणि दर दोन-तीन महिन्यांनी शिडी लावून तिचे कोपरे मी हातानं दाबून बघते.